अर्ध्या भरलेल्या शेडचा आवाज

गिटारचं रिव्हर्ब पेडल, म्हणजे पायानं दाबून आवाज घुमवायची डबी, कशी निवडावी हे सांगणारे व्हिडिओ इंटरनेटवर पोत्यानं मिळतात. मी त्यातले बरेच पाहिले आणि त्यातला एकही मला उपयोगी पडला नाही. माझं पेडल माझ्या आईनं निवडलं. तिनं आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती आणि पेडल म्हटलं की तिला शिलाई मशीन आठवायची. आजही ऑर्केस्ट्रातले लोक माझ्या गिटारीचा आवाज ऐकून जवळ येतात आणि मॉडेल कोणतं म्हणून विचारतात. मी मॉडेल सांगून टाकते. मनात म्हणते, मॉडेल घेऊन काय करशील बाबा, माझी आई कुठून आणशील? हा गर्व आहे हे मला कळतं. तो मी लपवत नाही.

आधी गिटारीचं सांगते. राजूरच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. आम्हाला कूलर पाहिजे होता. मी मारेगावात ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात टायपिंग करायची, तिथल्या पगारातून कूलर घ्यायचा म्हणून मी राजूरला गेले आणि कूलरच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली गिटार घेऊन परत आले. तिला वायर जोडायची सोय होती, म्हणजे ती साउंड बॉक्सवर वाजू शकत होती. त्या उन्हाळ्यात आम्ही मायलेकी खिडकीला ओलं पोतं बांधून झोपलो. आईनं टोमणा मारला तो एकच. "हवा कोणत्या तारीतून येते व?" असं तिनं विचारलं आणि कूस बदलली.

वाजवायला मी मोबाइलवर पाहून शिकले. वर्षभरात बोटांना घट्टे पडले आणि हात बऱ्यापैकी फिरायला लागला, तेव्हा मामानं मला आपल्या पार्टीत घेतलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याची भीमगीतांची गायन पार्टी होती, हार्मोनियम तो स्वतः वाजवायचा आणि गायचाही तोच. जयंती असो, धम्मचक्र दिन असो, पार फुलसावंगीपर्यंत त्याला सुपारी यायची. पार्टीत बायका होत्या, पण त्या कोरसमध्ये, मागच्या ओळीत टाळ्या धरायला. पुढच्या ओळीत वाद्य घेऊन बसणारी मी पहिलीच. मला घेतलं ते माझ्या वाजवण्यावर भाळून, असं मी लोकांना सांगायची. खरं कारण असं होतं की मामा आईला घाबरायचा.

पण पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांतच त्याची कुरकुर सुरू झाली. पार्टीच्या जुन्या अॅम्प्लिफायरला इकोचं एक बटण होतं आणि ते फक्त मामाच्या माइकला लागायचं. आमच्याकडे रिव्हर्ब हा शब्द कोणी वापरत नाही. आवाज घुमला की तो इको. मामा "जय भीम" म्हणाला की ते मैदानभर फिरून यायचं आणि माणसं सरसावून बसायची. त्याच्यानंतर माझी गिटार सुरू झाली की टिनावर खडे पडल्यासारखी वाजायची. उघड्या मैदानात सूर निघायचा आणि जागच्या जागी मरायचा. मला ते ऐकू येत होतं, पण मामानं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं.

"पोरी, तुही गिटार उघडी वाटते," तो म्हणाला. "अंगावर कपडा नाई तिच्या."

मग त्यानं मुद्द्याची गोष्ट काढली. पांढरकवड्याचा एक की-बोर्डवाला पार्टीत यायला तयार होता. त्याच्या की-बोर्डात इको होता, बासरी होती, सनई होती, आणि गिटारसुद्धा होती. पुढच्या ओळीत जागा एकाचीच. मारेगावच्या जयंतीला अख्खा तालुका लोटतो, तिथं मामाला उघडी गिटार नको होती. जयंतीपर्यंत गिटारला इको आणलास तर तू बस, नाहीतर तो बसेल आणि तू कोरसमध्ये जा, असं त्यानं सांगून टाकलं. कोरसला मी कमी लेखत नाही, तिथं माझ्या मावश्या होत्या. पण पुढच्या ओळीतून उठवून मागे बसवलं जाणं म्हणजे काय, हे उठवलं गेलेल्यालाच कळतं. मी घरी आले आणि जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं आणि विचारलं, की ह्या इकोचा डबा मिळते कुठं?

आता शेडबद्दल सांगायला हवं, कारण घोळ तिथंच झाला.

आई वीस वर्षं जिनिंगमध्ये कामाला होती. कापसातली सरकी वेगळी करणारी यंत्रं एका लायनीत, त्यांच्या तोंडात कापूस ढकलणाऱ्या बाया, आणि पलीकडे रुईचं शेड. सरकी निघालेली रुई गाठी बांधायच्या आधी त्या शेडमध्ये जमा व्हायची. टिनाचं, उंच, मारेगावच्या शाळेपेक्षा मोठं. ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं होतं. बोंडं उघडायच्या आधीच आतून किडली, शेतकऱ्यांनी पऱ्हाटी उपटून टाकली, आणि जे जिनिंग होळीपर्यंत दिवसरात्र धडधडायचं ते संक्रांतीलाच गप्प झालं. बाया घरी बसल्या. आईला मात्र शेड झाडायला, उरलीसुरली रुई गोळा करायला ठेवून घेतलं होतं, आणि बाजूच्या लहान दाराची किल्ली तिच्या कनवटीला असायची. मालकाच्या मुनीमाला तिनं सांगितलं, की शेड रिकामंच हाय, माह्या भावाची पार्टी दुपारची तिथं बसन. मुनीम हो म्हणाला. मामाची पार्टी त्या वर्षी अख्ख्या जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या हॉलमध्ये सराव करत होती, तेही आईच्या शब्दावर.

पेडल शोधताना माझी अवस्था लग्नाला आलेल्या पोरीच्या बापासारखी झाली होती. चांगलं ते परवडत नव्हतं आणि परवडणारं डोळ्यात भरत नव्हतं. शेवटी तीन उरली. एक मी इंटरनेटवरून मागवलं. नवंकोरं, चिनी, मुठीत मावेल एवढं, आणि पंधरा दिवसांत परत करायची सोय असलेलं. बाकीची दोन वणीच्या एका गिटारवाल्याकडची होती. हा गडी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा आणि जुनं सामान विकायचा. जीभ तिखट, पण माणूस सरळ. त्याच्याकडे एक मोठं पेडल होतं, वीस प्रकारचे आवाज असलेलं, आणि एक हिरवं, रंग उडालेलं, ज्याच्यावर फक्त तीन बटणं होती. मोठं तर सोडाच, ते हिरवंसुद्धा माझ्या चिनी डबीपेक्षा बरंच महाग होतं.

सरावाच्या पहिल्याच दिवशी तो आपली पेडलं घेऊन मोटारसायकलवर शेडमध्ये आला. आई कोपऱ्यात झाडत होती. मी एकेक जोडून वाजवलं. काय सांगू, तिन्ही पेडलांवर गिटार देवळातल्या घंटेसारखी घुमली. मामानं डोळे मिटले. ढोलकीवाल्यानं ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. मी तिन्ही पुन्हा वाजवली, फरक सापडेना. वणीवाला म्हणाला, की बाई, फरक हाय, नीट आयक. मला वाटलं, महागाचं खपवायला बघतोय. तिन्ही सारखीच वाजतात तर जास्त पैसे कशाला मोजा? मी माझी चिनी डबी ठेवून घेतली आणि वणीवाल्याला पाणी पाजून परत पाठवलं. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की पंधरा दिवस मी ती डबी ओढणीत गुंडाळून ठेवली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मी ओळखलं नव्हतं.

रमाई जयंतीला मारेगावच्याच बाजूच्या एका गावात कार्यक्रम होता, दुपारचा, शाळेच्या पटांगणात. मागे भिंत नाही, वर छत नाही, समोर तुरीचं शेत. मामानं माइकवरून सांगितलं की आज आमची गिटार नव्या आवाजात ऐका. मी डबीवर पाय ठेवला, लाल दिवा लागला, आणि गिटार वाजली जशी वाजायची तशीच. टिनावर खडे. मी वाकून बटणं शेवटापर्यंत फिरवली, तर कुठंतरी लांब, पाण्याखालून आल्यासारखं काहीतरी खरखरलं. पुढच्या ओळीत बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मामानं दुसऱ्या कडव्यापासून हार्मोनियमचा आवाज वाढवून मला झाकून टाकलं. गाणं संपल्यावर तो मला रागावलाही नाही. पांढरकवड्याला फोन लावतो म्हणाला, एवढंच. डबी परत करायची मुदत आदल्याच दिवशी संपली होती.

घरी येऊन मी रडले. आई चुलीजवळ बसली होती, ती कार्यक्रमाला आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"काहून रडून राह्यली?" ती म्हणाली. "तवा जे घुमलं, ते आपलं शेड व्हय पोरी. डबी नाई."

मी रडायची थांबले. त्या एका वाक्यानं माझी सगळी हुशारी उघडी पडली. तिन्ही पेडलं सारखी वाजली कारण तिघांच्या अंगावर शेडनंच एकसारखं पांघरूण घातलं होतं. एवढी साधी गोष्ट पाच माणसांना कळली नाही, वीस वर्षं वाजवणाऱ्या वणीवाल्यालाही नीट सांगता आली नाही. तू तेव्हाच का बोलली नाहीस, म्हणून मी आईवर डाफरले. ती म्हणाली, की मले वाटलं तुमाले ठावं असन. तिला खरंच तसं वाटलं होतं. जे आपल्याला येतं ते सगळ्यांनाच येत असणार, असं समजणाऱ्यांतली ती आहे.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी तिनं आधी कधी सांगितली नव्हती. जिनिंगमध्ये डब्याच्या सुट्टीत यंत्रं बंद झाली की कानात एकदम शांतता भरायची. बाया रुईच्या शेडच्या दारात उभ्या राहायच्या आणि एकजण एकच टाळी वाजवायची. आवाज किती फिरून येतो त्यावरून शेड किती भरलं ते सगळ्या ओळखायच्या. हंगामाच्या सुरुवातीला टाळी टिनावर आपटून चार-चारदा यायची. जसजशी रुई चढायची तसतशी ती लहान होत जायची, आणि शेड गच्च भरलं की टाळी वाजवली काय नि न वाजवली काय. पैजा लागायच्या, चार आण्याच्या, कधी भाकरीवरच्या चटणीच्या. आई डोळे मिटून सांगायची, आत किती गाड्यांची रुई आहे. ती पैज हरल्याचं तिला आठवत नव्हतं.

"कापूस आवाज खाते," ती म्हणाली. "तुले डबी पारखायची असन त कापसात बसून पारख. तिथं कोनी मदत करत नाई."

रिकाम्या मैदानात भिंती नसतात आणि कापूस भिंती असूनही नसल्यासारख्या करून टाकतो, हे मला तेव्हा समजलं. प्रश्न एवढाच होता की त्या वर्षी गच्च भरलेला कापूस आणायचा कुठून. शेडमध्ये तर झाडायलाही उरला नव्हता. पण आईला माहीत होतं. ज्यांच्या शेताला विहीर होती आणि पहिली वेचणी अळीच्या आधी घरात आली होती, त्यांनी भाव वाढेल म्हणून कापूस विकला नव्हता, घरातच भरून ठेवला होता. आमच्याकडे ही रीतच आहे. समोरची खोली कापसाला देऊन टाकायची आणि माणसांनी मागच्या पडवीत अंग चोरून राहायचं. गावाच्या टोकाला पाटलांच्या घरी असाच कापूस होता, आणि आई त्यांच्या वेचणीला कित्येक वर्षं जात होती.

मी पुन्हा वणीवाल्याला फोन केला. तो भरपूर हसला, आणि मग आला. गिटार, तीन पेडलं आणि त्याचा बॅटरीवरचा लहान साउंड बॉक्स असं सगळं घेऊन आम्ही पाटलांच्या अंगणात उभे राहिलो. पाटलीनबाई बाहेर आल्या. आई त्यांना तुम्ही म्हणायची, त्या आईला तू म्हणायच्या, वयानं आई मोठी असली तरी. इतक्या वर्षांत आई त्या घराच्या ओसरीच्या पुढे गेली नव्हती. मजुरी अंगणातच मिळायची आणि पाणी वरून ओतलेलं. हे मला माहीत होतं आणि माझे कान आधीच तापले होते. पाटलीनबाईंनी विचारलं कायले आलती, तर आईनं सरळ सांगितलं.

"तुमच्या कापसात बसायचं हाय घडीभर. अर्धा मीच वेचला हाय थो."

पाटलीनबाईंनी आधी गिटारीकडे पाहिलं, मग आईकडे. आई पदर सारखा करून उभी राहिली, विनवणी केली नाही की मागेही सरली नाही. मग पाटलीनबाईंनी दाराची कडी काढली आणि चपला बाहेर ठेवा एवढंच म्हणाल्या. त्या क्षणी मला पेडलाचा विसर पडला होता. आईच्या मागोमाग तो उंबरठा ओलांडताना माझी मान आपोआप ताठ झाली.

खोलीत कापूस आढ्यापर्यंत होता. दारापाशी चार माणसं बसतील एवढीच जागा. आत पाऊल टाकताच आमचा आवाज तोंडाशीच संपायला लागला, वणीवाला बोलला तर त्याचे ओठ हलताना दिसत होते आणि आवाज जणू खिशात राहत होता. आई ढिगावर चढून बसली आणि तिनं आमच्याकडे पाठ केली, म्हणजे कोणतं पेडल आहे ते दिसू नये. तिनं एक टाळी वाजवली. काहीच परत आलं नाही. वाजव, म्हणाली.

मी आधी माझी चिनी डबी जोडली. "हे काई नाई," आई म्हणाली. "पोरगी एकटी वाजवून राह्यली." वणीवाल्यानं मोठं पेडल लावलं आणि एकेक आवाज बदलत गेला. एक ऐकून ती म्हणाली हे विहिरीतलं, बोललं की तेच बोलणं परत देते. दुसरं ऐकून म्हणाली तहसीलचा जिना, सिमेंटचा. वीसच्या वीस आवाजांना तिनं नावं ठेवली, शब्दशः आणि दुसऱ्या अर्थानंही. वणीवाल्याचा चेहरा पडत चालला होता. पाटलीनबाई दारात उभ्या होत्या त्या केव्हा खाली बसल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. कापसातल्या किड्यांनी आम्हा सगळ्यांच्या हातापायांना खाज सुटली होती, पण कोणी हलत नव्हतं.

मग हिरवं लावलं. मी एक तार छेडली आणि आईची पाठ ताठ झाली.

"थांब," ती म्हणाली. "हे शेड व्हय. पन रिकामं हाय. मामाचे बोल समजनार नाईत याच्यात. भर थोडं."

वणीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याला कळेना काय भरायचं. मला कळलं. त्या पेडलाचं मधलं बटण आवाज किती वेळ रेंगाळावा ते ठरवायचं. मी ते जरासं उलटं फिरवलं आणि पुन्हा वाजवलं. अजून दहा गाड्या टाक, आई म्हणाली. मी अजून थोडं फिरवलं. आता जास्त झाल्या, दोन काढ. मी केसभर मागे घेतलं. तिनं डोळे मिटलेले असणार, मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त अंबाड्यात अडकलेला कापूस दिसत होता. पुन्हा एकदा तार छेडायला लावून ती वळली.

"बस. अर्धं भरलं. दिवाळी झाल्यावरचं शेड हाय हे. तवा आम्ही तिथं गाणं म्हनत होतो."

वीस वर्षांत तिनं यंत्रांच्या धडधडीत काय काय ऐकून ठेवलं होतं, हे मला त्या खोलीत कळलं. मी तिच्याकडे पाहत राहिले. माझ्या आईला शिकायला मिळालं असतं तर ती काय झाली असती, हा विचार माझ्या मनात नेहमी यायचा आणि त्याचं मला वाईट वाटायचं. त्या दिवशी वाईट वाटलं नाही. ती जे होती ते त्या खोलीत कोणालाच येत नव्हतं. पाटलीनबाई उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप घरातल्या माणसांचेच, बशीसकट. आईनं कप एकदा फिरवून पाहिला आणि चहा संपवला. जयंतीले येजा, असं निघताना तिनं पाटलीनबाईंना सांगितलं. हे निमंत्रण ती पहिल्यांदाच देत होती.

वणीवाल्यानं हिरवं पेडल परत नेलं नाही. माझी चिनी डबी त्यानं बदल्यात घेतली, आणि वरच्या रकमेपोटी त्याच्या ऑर्केस्ट्राच्या गाण्यांची अख्खी वही मी दुकानात बसून टाइप करून दिली. खरं तर तो त्याहून जास्त मागू शकला असता. जाताना त्यानं आईला विचारलं, की काकी, माह्या माइकचा इकोही एकदा पाहून द्याल का? आईनं दुसऱ्या दिवशी गाठींवर नंबर टाकायची निळी शाई आणून मधल्या बटणाच्या बाजूला एक ठिपका दिला. बटण त्या ठिपक्यावर आलं की अर्धं शेड. तो ठिपका अजून आहे, मी कधी पुसू दिला नाही.

जयंतीला मिरवणूक संपून मैदान भरलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुढच्या ओळींत पांढऱ्या साड्यांतल्या बाया, त्यांच्यात आई, आणि आईच्या दोन्ही बाजूंना जिनिंगच्या बाया. पांढरकवड्याचा की-बोर्डवाला स्टेजच्या पायरीशी की-बोर्ड जोडून तयार बसला होता. मामानं मला सांगितलं होतं, पहिलं गाणं तुझं, दुसऱ्याचं मग पाहू. मी पेडलावर पाय ठेवला, बटण निळ्या ठिपक्यावर आहे ते पाहिलं आणि सुरुवातीची धून धरली.

वर आभाळ, चारी बाजूंना मोकळं, आणि तरीही सूर मेला नाही. तो निघाला, थोडा थांबला, पुढच्याला हात देऊन मग गेला. मैदानातली बडबड ओळीओळीनं खाली बसत गेली. मी मान वर करून पाहिलं तर मामा माइकजवळ न येता अॅम्प्लिफायरकडे गेला होता. त्यानं आपल्या माइकच्या इकोचं बटण स्वतःच्या हातानं कमी केलं, ज्याला तो कोणाला बोट लावू देत नव्हता. मग येऊन गायला लागला, आणि त्याचा शब्द न् शब्द समजत होता. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा की-बोर्डवाला वायर गुंडाळत होता. तिसऱ्याला तो लोकांत जाऊन बसला.

कार्यक्रमाच्या मध्यावर वादकांची ओळख करून द्यायची पद्धत असते. मामानं ढोलकीची ओळख करून दिली, तबल्याची करून दिली, प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या. मग माझ्याकडे हात केला.

"गिटारवर, माही भाची."

टाळ्या झाल्या. मामा माइक सोडेना. त्यानं पांढऱ्या साड्यांच्या ओळीत पाहिलं आणि घसा साफ केला.

"आन् इकोवर, माही मोठी बहीन."

लोकांना वाटलं गंमत आहे, ते हसले. जिनिंगच्या बाया हसल्या नाहीत, त्या आईकडे वळल्या, आणि तिच्या मागे दोन ओळी सोडून बसलेल्या पाटलीनबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्या बायांनी वाजवल्या. आई उठून उभी राहिली नाही, पदर डोक्यावर ओढून खाली पाहत राहिली. टाळ्या पूर्ण थांबल्यावर तिनं हात वर करून एकच टाळी वाजवली, डब्याच्या सुट्टीत वाजवायची तशी. उघड्या मैदानात ती परत आली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी एक तार छेडून हात काढून घेतला. तो सूर तिच्यापर्यंत जाऊन विरेपर्यंत ती ऐकत राहिली. मग शेजारणीकडे वाकून काहीतरी बोलली. ते मला शेजारणीनंच जेवताना सांगितलं.

आई म्हणाली होती, "इकोचं सोड व. वाजवणारी माही पोरगी व्हय."